छायाचित्रे, पत्रे आणि नकाशे : आपल्या संस्थानांचा इतिहास वाचायला कुठून घ्यावा?

माहुलीकर (धागाकर्ते)

सर्वांना नमस्कार.

साताऱ्याचे राज्य १८४८ साली शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर इंग्रजांनी खालसा केले. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने मात्र १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. या शंभर वर्षांच्या अंतरामुळे सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांतील राजवटींची साधने अगदी निरनिराळ्या प्रकारची झाली आहेत, आणि त्याविषयी मला येथील जाणकारांशी बोलायचे आहे.

प्रतापसिंह महाराजांना ५ सप्टेंबर १८३९ रोजी गादीवरून काढण्यात आले. दागेरची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली ती त्याच वर्षीच्या १९ ऑगस्टला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये, म्हणजे तोवर साताऱ्याची गादी जाऊन सहा वर्षे झाली होती. साताऱ्याच्या राजवाड्याची जी जुनी छायाचित्रे आपण कौतुकाने एकमेकांना पाठवतो, ती राजा नसलेल्या राजवाड्याची आहेत. त्यांत दिसणाऱ्या दालनांत तेव्हा कचेऱ्या आणि शाळा भरत होत्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ज्या सरकारी शाळेत दाखल झाले, ती याच राजवाड्यातली. तेव्हा त्या चित्रांकडे पाहून छत्रपतींचा दरबार डोळ्यांपुढे आणणे चुकीचे आहे. त्यासाठी पत्रे, हिशेब आणि नकाशे यांच्याकडेच वळावे लागते. सांगली आणि औंधची गोष्ट उलट आहे. तेथे छायाचित्रे विपुल असल्यामुळे कागद उघडण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

माझे मत असे आहे की ही तिन्ही साधने एकत्र ठेवून, एकमेकांशी ताडून वाचल्याशिवाय संस्थानी काळाबद्दल काहीही ठामपणे म्हणू नये. घरोघरी मात्र नेमकी याच्या उलट वाटणी होते. फोटो एका भावाच्या भिंतीवर जातात, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) दुसऱ्याच्या माळ्यावर पडून राहतात आणि नकाशे रद्दीत जातात. नव्याने अभ्यासाला लागणाऱ्याने सुरुवात कशापासून करावी आणि हे साहित्य फुटू नये म्हणून काय करावे, याबद्दल आपले अनुभव लिहावेत ही विनंती.


दफ्तरदार_वाई

माहुलीकर, विषय उत्तम मांडला आहे. माझे उत्तर सरळ आहे : सुरुवात पत्रांपासून करावी.

मी हे वाईत बसून लिहितो आहे, आणि या गावात दुसरे उत्तर देणे कठीण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना पानिपतच्या काळातील पत्रे मिळाली ती वाईतच, आणि त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पलीकडे मेणवलीला नाना फडणिसांचे दफ्तर होते. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकी सांभाळून पटवर्धनांच्या दफ्तरातील कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापले. या लोकांपाशी छायाचित्रे नव्हती, नकाशे जवळजवळ नव्हते, तरीही त्यांनी उभा केलेला इतिहास आजवर टिकला आहे, कारण पत्रात माणूस तारीख, नाव, रक्कम आणि कारण सांगतो. छायाचित्र यांपैकी एकही गोष्ट स्वतःहून सांगत नाही.

साताऱ्याच्या खटल्याचेच पाहा. प्रतापसिंहांच्या वतीने रंगो बापूजी विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून दाद मागत राहिले. त्या प्रकरणाचा कंपनी सरकारचा पत्रव्यवहार पार्लमेंटसाठी छापला गेला. एकाच घटनेची दोन्ही बाजूंची कागदपत्रे अशी समोरासमोर ठेवता येणे हे संशोधकाचे भाग्य आहे.


ओळंबा

दफ्तरदारजी, आपल्याबद्दल पूर्ण आदर राखून असहमत आहे.

आपण जे उदाहरण दिलेत तेच पत्रांच्या मर्यादा दाखवते. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा महाराजांवरील आरोप ज्या कागदांवर उभा राहिला, ते कागद बनावट आहेत असेच महाराजांच्या बाजूचे म्हणणे होते. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आले, कबुली लिहून द्या म्हणजे गादी राहील असे त्यांनी सुचवले आणि महाराजांनी सही करायला नकार दिला. पत्राला हेतू असतो, आणि तो कधीकधी माणसाचे राज्य घालवण्याचा असतो.

मी बांधकाम खात्यात सांगली आणि साताऱ्याकडे नोकरी केली, त्यामुळे माझा ओढा नकाशांकडे आहे. जुन्या इमारतीचा दुरुस्तीचा प्रस्ताव आला की आम्ही आधी मूळ नकाशा शोधायचो. ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने काढलेला मूळ नकाशा, त्यावरून काढलेल्या निळ्या फेरो प्रती, सोबत अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक असा संच पूर्ण मिळाला, तर ती इमारत कशी, केव्हा आणि किती पैशांत उभी राहिली हे जवळपास पूर्ण कळते. भिंतीची जाडी पाहिली की वर मजला चढवायचा विचार होता की नाही ते समजते. नोकरांचा जिना वेगळा ठेवला आहे का, जनान्याकडे जाणारी वाट दिवाणखान्यातून जाते की मागून, न्हाणीघराचे पाणी कुठे सोडले आहे, या गोष्टी कोणी पत्रात लिहीत नाही, आणि त्या घरात माणसे कशी राहत होती हे त्यांवरूनच कळते.

एक खंत येथे नोंदवतो. ट्रेसिंग कापड म्हणजे खळ दिलेले अतिशय तलम सुती कापड. खळ धुऊन टाकली की उत्तम हातरुमाल होतात, म्हणून एका कार्यालयात नकाशांचे गठ्ठेच्या गठ्ठे असे घरोघरी गेल्याचे मला जुन्या सहकाऱ्यांनी सांगितले होते. त्या खळीमुळेच या नकाशांना पाण्याचा थेंबही चालत नाही, हे ज्यांच्या घरी असे नकाशे आहेत त्यांनी लक्षात ठेवावे.


अजिंक्यतारा_पायथा

ओळंबा सर, हातरुमालांचे वाचून पोटात कालवले. आमच्या आजोळी एका पेटीला आतून असे निळसर रेघांचे कापड लावलेले आहे. दिवाळीला गेल्यावर नीट पाहून येतो.


कृष्णाकाठची_लेक

मी सांगलीच्या गावभागातली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलावरच्या पट्टीवर कृष्णेच्या पाण्याने ५७ फूट ओलांडले तेव्हा आमच्या गल्लीतल्या घरांचे तळमजले पाण्याखाली होते. त्यामुळे कोणत्या साधनापासून सुरुवात करावी या प्रश्नावर माझे उत्तर वेगळे आहे : जे आधी नष्ट होणार आहे, त्यापासून.

पूर ओसरल्यावर जे पाहिले ते थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याचा इतरांना उपयोग होईल. जुने मोडी कागद, म्हणजे हाताने केलेल्या चिवट कागदावरचे, चिखलातून बाहेर काढल्यावरही शाबूत होते. मात्र काजळीची शाई डिंकात कालवलेली असल्याने ओल्या कागदावर बोट फिरवलेल्या जागी अक्षर पसरले. ज्यांनी घाईने चिखल पुसला त्यांची अक्षरे गेली. ज्यांनी कागद तसेच टिपकागदावर पसरून सावलीत वाळू दिले त्यांची पुष्कळशी वाचली. छायाचित्रांचे उलटे झाले. एकावर एक ठेवलेले फोटो वाळताना एकमेकांना चिकटले, आणि चिकटलेले फोटो ओढून काढले की दोन्हींवरचे चेहरे सोलून निघतात. असे फोटो वाळण्याआधी स्वच्छ गार पाण्यात सोडून अलगद सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून वाळवायचे, हे आम्हाला फार उशिरा कळले. शेजारच्या एका घरी संस्थानच्या वेळच्या गणेशोत्सवाचा अल्बम होता. त्यात प्लॅस्टिकखाली चिकटवलेले फोटो पाण्याने नव्हे, तर त्या अल्बमच्या गोंदानेच आधी पिवळे पडलेले होते.

म्हणून कळकळीने सांगते : चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहा. कागदांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे, ती सोडू नका. आणि पेटी तळमजल्यावर ठेवू नका.


दफ्तरदार_वाई

ताई, हा प्रतिसाद प्रत्येक जुन्या घरात पोचायला हवा. ‘जे आधी नष्ट होणार आहे त्यापासून’ हे मला पटले. वाचनाचा क्रम आणि जतनाचा क्रम वेगळा असू शकतो, एवढेच माझे म्हणणे आहे.


औंधवासी

माहुलीकरांनी औंधचे नाव घेतले म्हणून लिहितो.

आमच्याकडे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. यमाईच्या डोंगरावरचे भवानी संग्रहालय ही त्यांचीच देणगी. चित्राचे महत्त्व जाणणारा राजा असल्याने औंधची दृश्य नोंद इतर संस्थानांपेक्षा पुष्कळ समृद्ध आहे. त्यांनी अजिंठ्याला चित्रकार नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करवल्या, हे तर फार दूरदृष्टीचे काम होते. मूळ चित्र झिजत जाते तेव्हा नक्कल हीच साक्ष उरते.

पण एवढी चित्रे असूनही औंधची सर्वांत मोठी गोष्ट चित्रांत येत नाही. जानेवारी १९३९ मध्ये या राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांचे श्रम होते. खेड्याखेड्यांतील पंचायतींकडे कारभार आणि न्यायदान गेले. आता याचे छायाचित्र कसे काढणार? समारंभाचे निघते, फेट्यांचे निघते, व्यासपीठाचे निघते. पारावर बसून पंचांनी बांधाचा तंटा कसा सोडवला हे पंचायतीच्या नोंदवहीत असते, आणि त्या वह्यांकडे आपले लक्ष फार थोडे गेले आहे.

त्याचबरोबर नकाशांचीही बाजू मांडतो. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर औंधच्या राजाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. उजाड माळावर कारखाना, घरे, रस्ते आणि विहिरी कुठे घ्यायच्या हे ठरवणारा कागद म्हणजे त्या राजवटीच्या विचारांचा दस्तऐवज होय. कैद्यांच्या वसाहतीला कुंपणाची भिंत घालायची नाही, हा निर्णय नकाशावर एक रेघ न ओढण्यात दिसतो.


मिरजमळा

चर्चा मनापासून वाचतो आहे. एक मुद्दा मात्र अजून कोणी मांडलेला नाही, तो थोडा जोर देऊन मांडतो.

आपण जी तीन साधने म्हणतो आहोत ती तिन्ही वाड्यातून निघालेली आहेत. छायाचित्र काढवणारा सरदार, पत्र लिहिणारा कारकून, नकाशा पास करणारा अभियंता. वाड्याचा पाया खणणारा वडार, चुना मळणारी बाई, हत्तीचा माहूत, हे संस्थानी छायाचित्रात असलेच तर कडेला, अर्धे कापलेले आणि नाव न लिहिलेले असतात. हळदीची पेवे हा सांगलीच्या व्यापाराचा कणा होता. हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांचा कोणी नकाशा काढला नाही, कारण पेव खणणाऱ्याला नकाशाची गरज नव्हती. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याचेही छायाचित्र असणे शक्य नव्हते. पण आश्रय देणाऱ्या चिंतामणराव आप्पासाहेबांचे नाव आपल्याला पाठ आहे आणि त्या रात्री पखाली वाहणाऱ्यांचे नाही.

म्हणून दरबाराबाहेरची साधनेही शोधावीत. मिरजेला मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. मिशनची मंडळी मायदेशी अहवाल आणि पत्रे पाठवीत; त्यांचा दृष्टिकोन धर्मप्रचारकाचा होता हे मान्य करूनही, रुग्ण कोणत्या गावाहून, कशाने आजारी होऊन येत हे त्यांत सापडते. दरबारी कागदात ते येण्याचे कारणच नव्हते.


मोडीवाचक

मिरजमळा यांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, पण एक पुस्ती जोडतो. दरबारी कागदांत सामान्य माणूस अगदीच नाही असे नाही. तो पत्रांत कमी आणि हिशेबांत अधिक आहे. वाड्याच्या कामाचा खर्चाचा कागद घ्या. त्यात गवंडी, सुतार, बेलदार यांची नावे, रोजची मजुरी, चुन्याच्या घाणीला लागलेले बैल, चुन्यात घालायला आणलेला गूळ, दोर, घमेली असे सारे ओळीने येते. जुन्या वाड्यांचे नकाशे बहुधा नसतातच, कारण काम खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, हिशेबाने चाले. पाच खणांचा सोपा (खांबांवर उभी ओसरी) म्हटले की सुताराला खांब किती आणि तुळया किती ते कळे. अशा वाड्यांपुरता हिशेबाचा कागद हाच नकाशा समजावा.

नवीन वाचकांनी तारखांच्या बाबतीत सावध राहावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या मितीला बहुतेक वेळा ७९ मिळवावे लागतात. जुन्या कागदांत आणखी दोन कालगणना येतात : शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, फसली असेल तर ५९० किंवा ५९१. ही वर्षे मृग नक्षत्रापासून सुरू होतात; मृगसालाची ही सुरुवात लक्षात न घेतल्यामुळे एका वर्षाने चुकलेल्या तारखा छापील पुस्तकांतही आढळतात.


दिंडीदरवाजा

येथे पहिल्यांदाच लिहितो आहे. आमचा वाडा कऱ्हाडजवळच्या एका गावात आहे. योगायोगाने आमच्याकडे तिन्ही गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, एक छायाचित्र. जाड पुठ्ठ्यावर पातळ कागद डकवलेला, तपकिरी-पिवळट, चकाकी असलेला. अंगणात मंडळी बसली आहेत आणि मागे पूर्वेच्या सोप्याचे तीन खांब दिसतात. घरात सर्व जण सांगतात की ही १९३५ च्या लग्नातली मंडळी आहे. दुसरी, ट्रेसिंग कापडावरचा वाड्याचा नकाशा, वर्ष नाही, प्रमाण एक इंचास आठ फूट. त्यात पूर्वेची बाजू पिवळ्या रंगाने भरली आहे आणि काही भिंती तांबड्या आहेत. तिसरे, पणजोबांचे पुण्याला नोकरीस असलेल्या धाकट्या भावाला पाठवलेले मोडी पत्र. ते मी वर्गात शिकून कसेबसे लावले आहे. त्यात शके १८४१, मार्गशीर्षाची मिती आहे आणि मजकूर असा : ‘पूर्वेकडील सोपा उतरविला. तुळया सात निवडून ठेविल्या आहेत, पैकी दोन वाळवीने गेल्या. बाकीचे काम तुमचे पैसे आल्यावर चालू करू.’

आता १९३५ च्या फोटोत हा सोपा कसा दिसतो?


ओळंबा

दिंडीदरवाजा, फार मोलाचे साहित्य आहे. मुख्य म्हणजे ते एकाच घरात एकत्र राहिले.

नकाशातील रंगांचे सांगतो. दुरुस्तीच्या नकाशात पाडायचे काम पिवळ्याने आणि नवे काम तांबड्याने दाखवण्याची रीत आहे. म्हणजे पिवळा सोपा त्या वेळी उभा होता आणि उतरवायचा होता. नकाशा पत्राच्या आधीचा, बहुधा थोडाच आधीचा असावा.


मोडीवाचक

शके १८४१ चा मार्गशीर्ष म्हणजे १९१९ ची अखेर. ‘उतरविला’ हा शब्द आपण बरोबर लावला आहे का, याची खात्री करायला कागदाचा फोटो तिरक्या उजेडात घेऊन मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा. मोडीत ‘उतरविला’ आणि ‘उभारविला’ यांत घाईच्या हातामुळे घोटाळा होऊ शकतो. पण पुढे तुळया निवडून ठेवल्याचा उल्लेख असल्याने आपले वाचन सुसंगत वाटते.


कृष्णाकाठची_लेक

छायाचित्राच्या वर्णनावरून तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचा, म्हणजे अल्ब्युमेन प्रकारचा ठसा वाटतो. भिंगाखाली वरच्या थरात बारीक भेगांचे जाळे आणि खाली कागदाचे तंतू दिसतात का ते पाहा. हा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चालत असे आणि नंतर मागे पडला. १९३५ च्या लग्नात तो वापरला असण्याची शक्यता फारच थोडी आहे.


दफ्तरदार_वाई

ताईंचा तर्क योग्य दिशेचा आहे, पण कागदाच्या जातीवरून नेमके वर्ष ठरवू नये. लहान गावांतले छायाचित्रकार शिल्लक माल आणि जुने पुठ्ठे बरीच वर्षे वापरीत असणार. येथे १९१९ ही अलीकडची सीमा पत्राने दिली आहे, एवढे पक्के धरावे. अलीकडच्या सीमेसाठी पत्र, पलीकडच्या सीमेसाठी कागद. लग्न कोणते याचा शोध आता १९१९ च्या आधीच्या वंशावळीत घ्यावा लागेल.


अजिंक्यतारा_पायथा

आमच्याकडेही घरातल्या सांगण्यात लग्ने अशीच सरकलेली आहेत. ज्या आजीला आपण पाहिले, तिच्या लग्नाशी जुना फोटो जोडला जातो. घरची मंडळी खोटे बोलत नाहीत. आपल्या ओळखीच्या माणसांत फोटोला जागा देतात.


उत्तरकोरेगाव

बाहेरच्या संग्रहांबद्दल थोडे लिहितो, कारण नवीन मुलांना वाटते की साताऱ्याचे सारे काही साताऱ्यातच मिळेल. इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. शाहू दफ्तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी मुंबईचे पुराभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे कागद पाहावे लागतात. १८८५ मध्ये निघालेला सातारा जिल्ह्याचा गॅझेटियर आधी वाचून घेतला तर गावांची आणि इमारतींची जुनी नावे कळतात.

सांगलीकरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १९४९ मध्ये हा जिल्हा झाला तेव्हा त्याचे नाव दक्षिण सातारा होते, ते १९६० मध्ये सांगली झाले. विलीनीकरणानंतरच्या इमारतींचे हस्तांतर, वाड्यांचे मूल्यांकन, संस्थानी नोकरांचे निवृत्तिवेतन यांच्या त्या अकरा वर्षांच्या फायली ‘सांगली’ या नावाखाली शोधल्या तर हाती काही लागत नाही आणि माणूस कागद नाहीत असे समजून परत येतो.


माहुलीकर (धागाकर्ते)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे.

सुरुवात कशापासून करावी याचे उत्तर मला दिंडीदरवाजा यांच्या वाड्याने दिले असे वाटते. ज्या वस्तूवर तारीख आहे तिच्यापासून सुरुवात करावी, मग ती कोणत्याही जातीची असो. त्यांच्याकडे ते पत्र निघाले. एखाद्याकडे मोजमाप पुस्तक निघेल, एखाद्याकडे फोटोच्या पाठीवरचा शिक्का. मिरजमळा यांचा आक्षेप मात्र या उत्तराने सुटत नाही, कारण नावे न लिहिलेल्या माणसांना तारीखही मिळालेली नसते. त्यासाठी मोडीवाचकांनी सांगितलेले हिशेबच उघडावे लागतील आणि ते काम एकट्यादुकट्याचे नाही.

साहित्य फुटू नये यासाठी एक सूचना करतो. वाटणी होण्याआधी सर्व वस्तूंचे, दोन्ही बाजूंनी, ज्या क्रमाने त्या पेटीत होत्या त्याच क्रमाने स्कॅन करावे आणि प्रत्येक भावंडाकडे संपूर्ण संच द्यावा. मूळ वस्तू कोणाकडेही गेली तरी क्रम टिकतो. कोणता रुमाल कोणत्या पेटीत होता ही माहिती पत्रातील मजकुराइतकीच मोलाची असते.


मिरजमळा

मान्य. हिशेबांचे कागद वाचण्याच्या कामात मी येतो. गवंडी आणि बेलदारांच्या नावांची एक यादी गावोगावच्या कागदांतून करता आली, तर वाडे कोणी बांधले हे आपण पहिल्यांदाच नावानिशी सांगू शकू.


ओळंबा

दिंडीदरवाजा, एक विनंती राहिली. सोपा उतरवला असला तरी ज्या भिंतीत तुळयांची टोके बसवलेली होती ती भिंत अजून उभी आहे का? असेल तर गिलाव्याखाली बुजवलेल्या खाचा शोधा. टिचकी मारली की पोकळ किंवा वेगळा आवाज येतो. खाचांची उंची आणि संख्या नकाशातील सेक्शनशी (उभ्या छेदाशी) ताडून पाहा.


दिंडीदरवाजा

भिंत उभी आहे. आता ती गोठ्याची मागची बाजू आहे. काल चुलतभावाला घेऊन पाहिले. गिलावा बऱ्याच जागी सुटलेला असल्याने खाचा शोधणे अवघड गेले नाही. त्या विटांनी आणि मातीने बुजवल्या आहेत. जमिनीपासूनची उंची नकाशाशी जवळजवळ जुळते. पण नकाशात पूर्वेच्या सोप्याला सहा तुळया दाखवल्या आहेत आणि भिंतीत खाचा सात आहेत. पुन्हा पुन्हा मोजल्या, सातच आहेत.


मोडीवाचक

पत्रातही सातच आहेत. ‘तुळया सात निवडून ठेविल्या आहेत.’


ओळंबा

मग पत्र आणि भिंत बरोबर आहेत आणि नकाशा चुकला आहे. याचे कारणही सांगता येते. नकाशा काढणाऱ्याचे लक्ष तांबड्या रंगाच्या नव्या कामावर होते. जे पाडायचेच आहे त्याच्या तुळया त्याने मोजल्या नाहीत, बाहेरून अंदाजाने भरल्या. पणजोबांनी मात्र त्या एकेक करून उतरवून घेतल्या होत्या आणि त्यांतल्या दोन वाळवीने गेल्या होत्या, म्हणून त्यांचा आकडा पक्का आहे. आता नकाशातील तांबड्या भिंतीही प्रत्यक्षात तशाच बांधल्या गेल्या का, ते फीत लावून तपासावे लागेल. शक्य असेल तर वाड्याचे आजचे मोजमाप घेऊन येथे टाका. जुन्या प्रमाणात, एक इंचास आठ फूट असेच, मी काढून देतो, म्हणजे दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवता येतील.